गळ, दोरी आणि गांठीचा पैसा

१९३२ सालच्या जून महिन्याची २ तारीख. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत पावसामुळें शेतांत काम चालण्यासारखें नव्हतें, म्हणून जॉर्ज पेरी नांवाचा एक विशीच्या आसपासचा शेतकरी आपल्या मित्रासह माँटगोमेरी तळ्यावर मासे धरावयास गेला. दिवस आर्थिक मंदीचे होते. वडील वारलेले, घरीं आई व भावंडें. दोघां मित्रांत मिळून काठी एक, रीळ एक आणि लाकडी आमिषहि एकच होतें, असें सांगतात. त्या दिवशीं पेरीच्या गळाला जो मासा लागला, त्याचें वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारें १० किलोग्रॅम भरलें. घरच्या माणसांचें जेवण झालें, आणि एका मासिकाच्या स्पर्धेंत ७५ डॉलरांचें सामान बक्षीस मिळालें. मोठ्या तोंडाच्या बास माशाचा हा विक्रम पुढें ७७ वर्षें अबाधित राहिला. २००९ सालच्या जुलैंत जपानच्या बिवा सरोवरांत मानाबु कुरिता यांनीं त्याच्या तोडीचा मासा धरला, तेव्हां कोठें त्या नांवाशेजारीं दुसरें नांव आलें.

आज त्याच माशासाठीं अमेरिकेंतील दुकानांत आमिषांच्या भिंतीच्या भिंती मांडलेल्या असतात. नवशिक्याच्या खिशांत पन्नास डॉलर असावेत, रविवारीं तळ्यावर नेण्याचें वचन मुलांना दिलेलें असावें, आणि समोर एकेक आमिष शंभर डॉलरांचें दिसावें, म्हणजे तो गांगरून जातो. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी गृहस्थावरहि हा प्रसंग येऊं शकतो. अशा वेळीं डोळ्यांत भरेल तें आमिष घ्यावयाचें आणि उरलेल्या पैशांत मिळेल ती दोरी घ्यावयाची, ही चूक बहुतेकांकडून होते. खरा क्रम याच्या अगदीं उलट आहे.

तो कां उलट, हें समजण्यासाठीं माशाचा स्वभाव पाहिला पाहिजे. बास हा गोड्या पाण्यांतील, मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा. पाणवनस्पतींच्या कडेला किंवा बुडालेल्या बुंध्याशीं तो दबा धरून राहतो, आणि जवळून जाणारा लहान मासा जबडा एकदम उघडून पाण्यासकट आंत ओढून घेतो. पाण्यांतील हालचालीचे सूक्ष्म तरंग त्याला अंगावरील संवेदनाक्षम रेषेनें कळतात. त्यामुळें गढूळ पाण्यांतहि त्याला भक्ष्याची चाहूल लागते. म्हणजे आमिषाचा पहिला गुण म्हणजे त्याची चाल; दुसरा आकार; आणि रंगाचा विचार त्यानंतरचा. दुकानांत मात्र गिऱ्हाईक सर्वांत अगोदर रंगालाच भुलतें.

जीं आमिषें माशासारखीं पोहतात त्यांना तिकडे स्विमबेट म्हणतात; मराठींत पोहतें आमिष म्हणतां येईल. मोठ्या स्विमबेटचा इतिहास कॅलिफोर्नियांतला. १९५९ सालीं तेथील सॅन डिएगो भागांतील एका तलावांत फ्लॉरिडाकडील बास सोडण्यांत आले. ही जात अंगानें विशेष वाढते. पुढें तिचा प्रसार झालेल्या तलावांत हौशी लोकांसाठीं ट्राउट मासेहि आणून सोडीत. बासांना ती आयती मेजवानीच झाली. तेव्हां मोठ्या बासाच्या मागें लागलेल्या मंडळींनीं वीतभर लांबीचे, सांधे असलेले लाकडी ट्राउट बनवून ते पाण्यांतून ओढण्यास सुरुवात केली. आजचीं हातानें घडविलेलीं महाग आमिषें याच परंपरेंतलीं. त्यांची किंमत शंभर डॉलरांपासून कित्येक शेंकड्यांपर्यंत जाते, वजन दोन औंसांपासून सहा औंसांपर्यंत व त्याहूनहि अधिक असतें, आणि तीं फेंकण्यास काठी व रीळहि तशींच दणकट लागतात. तेव्हां नवशिक्यानें त्यांच्याकडे तूर्त पाहूं नये.

त्याच्या उपयोगाचें आमिष निराळें आहे. मऊ प्लॅस्टिकच्या, चार इंची शरीराला वल्ह्याच्या पात्यासारखें शेपूट असतें. हळू ओढलें तरी तें शेपूट फडफडतें आणि सारें अंग डुलूं लागतें. अशा चार-सहा आमिषांचें पाकीट साधारणपणें ५ ते १० डॉलरांत मिळतें. दोन पाकिटें पुरेत: एक रुपेरी-पांढरें आणि एक हिरवट-तपकिरी. पहिलें उघड्या पाण्यांतील चंदेरी मासळीसारखें, दुसरें काठाजवळच्या ब्लूगिलसारखें दिसतें. याबरोबर दोन प्रकारचे गळ घ्यावे. मोकळ्या पाण्यासाठीं शिशाचें डोकें असलेला. आणि जेथें शेवाळ व गवत असेल तेथें, ज्याच्या दांड्यावर वजन बसविलेलें असतें व ज्याचें टोंक आमिषाच्या अंगांत लपवितां येतें असा. एकच आमिष गळ बदलून दोन जागीं चालतें. हीच काटकसरीची पहिली युक्ति. शेपूट वांकडें झाल्यास क्षणभर गरम पाण्यांत धरावें, तें सरळ होतें. अंग फाटल्यास साध्या जलद चिकटणाऱ्या गोंदानें सांधावें. मात्र निकामी तुकडे तळ्यांत टाकूं नयेत. मासे ते गिळतात व ते पोटांत जिरत नाहींत.

आतां दोरी. पेरीच्या काळीं रेशमाच्या किंवा सुताच्या विणलेल्या दोऱ्या वापरीत. १९३८ सालीं ड्यू पाँ कंपनीनें नायलॉन जाहीर केलें आणि या छंदाचें रूपच बदललें. ज्यांनीं कोंकणांत खाडीकाठीं गरी टाकणारे पाहिले असतील, त्यांना तंगूस हा शब्द परिचित असेल. ती हीच एकपदरी नायलॉनची दोरी. ती सर्वांत स्वस्त, मऊ, गांठीला सोपी, आणि बरीच ताणणारी. हें ताणणें नवशिक्याच्या हिताचें असतें. माशाचा हिसका व हाताची घाई दोन्ही ती सोसते. दोष असा कीं ती पाणी शोषते, त्यामुळें शक्ति थोडी घटते, आणि उन्हानेंहि ती निकस होते.

दुसरी फ्लुओरोकार्बनची, जपानमध्यें १९७१ सालीं ती प्रथम निघाली. नायलॉनची घनता पाण्याच्या सुमारें १.१४ पट, तर हिची १.७८ पट, म्हणून ती चटकन बुडते. तिचा प्रकाशवक्रीभवनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा याहून अधिक. म्हणून ती पाण्यांत कमी दिसते. दगडावर घासली तरी ती अधिक टिकते, पण ताठर असते आणि किंमत दुपटी-तिपटीची. तिसरी पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणलेली: बारीक असून फार बळकट, जवळजवळ न ताणणारी व पाण्यावर तरंगणारी. दाट गवतांत तिच्यासारखी दुसरी नाहीं, पण नितळ पाण्यांत ती डोळ्यांत भरते.

चार इंची आमिषासाठीं १२ ते १५ पौंडांची साधी नायलॉन दोरी पुरेशी आहे. दोन औंसांच्या वरच्या आमिषाला मात्र २० ते २५ पौंडांची पाहिजे. कारण धोका माशाहून फेंकण्याच्या क्षणाला अधिक असतो. रीळ मध्येंच अडकलें कीं वेगानें निघालेलें जड आमिष दोरी तोडून एकटेंच पुढें जातें. शंभर डॉलर डोळ्यांदेखत तळ्यांत बुडतात. आठ डॉलर वांचविण्यासाठीं घेतलेल्या हलक्या दोरीची ही किंमत होय.

ज्याला फ्लुओरोकार्बनच हवी असेल त्यानेंहि सबंध रीळ तिनें भरूं नये. एका फेंकींत पन्नास यार्डांच्या पलीकडे दोरी क्वचितच जाते. तेव्हां रिळाचा तळ जुन्या नायलॉननें भरावा आणि वरचे सत्तर-ऐंशी यार्डच महाग दोरीचे ठेवावे. एका गुंडाळीचीं दोन भरणीं होतात. विणलेल्या दोरीखालीं तर नायलॉनचे कांहीं वेढे हवेच. नाहींतर ती रिळावर घसरते.

आणि शेवटीं, जिला एक पैसाहि पडत नाहीं ती गांठ. गांठ आवळतांना घर्षणानें दोरी तापते व तेथेंच दुबळी होते; म्हणून आवळण्यापूर्वीं ती ओली करावी. प्रत्येक माशानंतर आणि दगडाला घासल्यानंतर शेवटची हातभर दोरी बोटांमधून ओढून पाहावी. खरखर लागली तर तेवढी कापून पुन्हां गांठ बांधावी. हातभर दोरीचें मोल कांहीं सेंट. तिच्या टोंकाला लटकलेल्याचें किती तरी अधिक.

काठी व रीळ घरीं असेल, तर दोन पाकिटें, दोन प्रकारचे गळ आणि चांगल्या नायलॉनची एक गुंडाळी एवढा संसार पन्नास डॉलरांच्या आंत उभा राहतो. शिवाय राज्याचा परवाना काढावा लागतो, तो चुकवूं नये. दोरी व गांठ अगोदर, गळ त्यानंतर, आमिषाची चाल त्यानंतर आणि रंग सर्वांच्या शेवटीं, हा क्रम ज्यानें पाळला त्याला रविवारीं मुलांसमोर रिकाम्या दोरीकडे पाहत उभें राहण्याची पाळी सहसा येत नाहीं. मासा लागेल कीं नाहीं हें तळ्यावर अवलंबून. पण लागलेला मासा राहील कीं जाईल, हें बव्हंशीं घरींच ठरलेलें असतें. पेरीजवळ आमिष एकच होतें; पण तें ज्या दोरीला बांधलेलें होतें, ती तुटली नाहीं.