शंभरच्या वेगातली माझी चूक

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. मी वर्षानुवर्षं बरोब्बर 100 वर, सगळ्यात उजव्या लेनमध्ये असायचो. मागून कुणी दिवे मारले की म्हणायचो, 'मी नियमात आहे, थांब की!' एकदा मागचा वैतागून डावीकडून घुसला. पुढ्यात ट्रक! करकचून ब्रेक लागले, थोडक्यात वाचला. बायको म्हणाली, "वेग पाळलात हो, पण लेन?"

उजवी लेन ओव्हरटेकपुरती. पुढे गेलात की परत डावीकडे यायचं. त्याचा वेग जास्त असेल तर ते तिथले कॅमेरे बघतील. मी आता मधल्या लेनमध्ये असतो. सुरुवातीला, खरं सांगतो, अपमान झाल्यासारखं वाटायचं.