हाली नोटेचे मोल



आम्ही शाळेत फार गेलो नाही. हिशेब शिकलो तो मोंढ्यात, हमालीच्या पट्टीवरून. तेव्हा जुन्या नोटांवर आम्ही काय बोलणार, असे कोणास वाटेल. पण गोष्ट हमालाच्याच घरची आहे.

आमच्या संघटनेतील एका हमालाला आजीच्या पत्र्याच्या पेटीत अकरा नोटा सापडल्या. गावात आलेल्या एका व्यापाऱ्याने “ही रद्दी आहे” म्हणून त्या पन्नास रुपयांना मागितल्या. रद्दीचे पन्नास रुपये देणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. म्हणून नोटा उजेडात धरून बसलो.

त्या हाली नोटा होत्या. अमेरिकेत १८६३ पासून १९३५ पर्यंत लहान गावांच्या राष्ट्रीय बँकाही आपापल्या नावाने नोटा काढीत, आणि तेथील हौशी मंडळी आता आपल्या गावाची नोट शोधीत हिंडतात. हिंगोलीच्या नावाची नोट कधी निघाली नाही. आपले गाव निजामाच्या राज्यात. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, तेव्हा १९१८ च्या कायद्याने संस्थानानेच कागदी चलन सुरू केले. नोटा आधी लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापल्या, पुढे नाशिकला छापल्या गेल्या. मजकूर उर्दू, पण किंमत मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही. साल फसली, त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास निघते.

मोल ठरते ते सहीवरून आणि स्थितीवरून. एखाद्या नोटेवर गुलाम महंमद यांची सही असते. हेच गृहस्थ पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. एखादीवर डॉ. मेलकोटे यांची, म्हणजे ती हैदराबाद मुक्त झाल्यानंतरची. हजाराची नोट १९२६ मध्ये निघाली. ती हमालाच्या पेटीत कोठून येणार? मात्र घरी नोट सापडल्यास धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका.

संग्राहकाला घडी न पडलेली, हात न लागलेली नोट हवी असते. आमच्या अकराही नोटांना चार-चार घड्या होत्या. कनवटीला लावून, घामाने भिजून त्या घरी आल्या होत्या. बाजारात हा दोष ठरतो, आणि तो बाजारापुरता खराही आहे.

आमचे वडील एक हिशेब सांगत. सात हाली म्हणजे सहा कलदार. मुकादम मजुरी तीस कलदार ठरवी आणि हातावर तीस हाली ठेवी. आकडा तोच, पण मजूर सव्वाचार रुपयांना बुडे. देणे पस्तीस हाली होते, हे त्याला कोण सांगणार? आम्ही आजही सभासदाला आधी पट्टी वाचावयास शिकवतो, ती याच कारणाने.

नातवाने नोटा विकल्या नाहीत असे सांगून टाळ्या घेता आल्या असत्या. पण घरी दवाखान्याचे देणे होते. तीन ठिकाणी दाखवून त्याने नऊ विकल्या, त्या व्यापाऱ्याच्या बोलीच्या कितीतरी पटीने. अगदी फाटक्या दोन कोणी घेतल्या नाहीत. त्या आजीच्या पेटीत परत गेल्या.