सम्नर हायस्कूलचे टेनिस प्रशिक्षक रिचर्ड हडलिन

रिचर्ड हडलिन 1920च्या दशकात शिकागो विद्यापीठाच्या टेनिस संघाचे कर्णधार होते. ‘बिग टेन’ या नामांकित विद्यापीठगटात कृष्णवर्णीय खेळाडूकडे टेनिस संघाचे कर्णधारपद येणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. पदवीनंतर मात्र पुढची वाट बंद होती. राष्ट्रीय टेनिस संघटनेच्या स्पर्धांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नसे. त्यांच्यासाठी 1916 साली स्थापन झालेली अमेरिकन टेनिस असोसिएशन ही वेगळी संस्था होती. हडलिन सेंट लुइसच्या सम्नर हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि शाळेच्या टेनिस संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

अमेरिकेत ही नेहमीची रीत आहे. शाळेचा प्रशिक्षक बहुधा आधी शिक्षक असतो. तास संपले की कोर्टावर जातो. सामना शाळाशाळांमध्ये होतो आणि एकेरी-दुहेरीचे निकाल मिळून संघ जिंकतो वा हरतो. पुण्या-मुंबईत टेनिस शिकायचे तर मुलाला डेक्कन जिमखान्यासारख्या क्लबात घालावे लागते, त्यामुळे शाळेच्या टेनिस मास्तरांचा हा पेशा महाराष्ट्रात फारसा दिसत नाही. परदेशातल्या मराठी घरांना तो मुलांमुळे ठाऊक झाला आहे.

1875 साली सुरू झालेले सम्नर हे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचे कृष्णवर्णीयांचे पहिले हायस्कूल. डेव्हिस कप ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ड्वाइट डेव्हिस सेंट लुइसचेच. शहराच्या उद्यानांचा कारभार पाहताना त्यांनी सार्वजनिक टेनिस कोर्ट बांधून घेतली. पण या सार्वजनिक सोयींत सगळी जनता धरलेली नव्हती. 1945 साली हडलिन त्याविरुद्ध न्यायालयात गेले. आधी कोर्ट मिळवा, मग मुलांना शिकवा, अशी त्यांच्या नोकरीची उलटी तऱ्हा होती.

1960 साली त्यांच्याकडे आर्थर अ‍ॅश हा तरुण कृष्णवर्णीय टेनिसपटू आला. तो व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. लिंचबर्गचे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन त्याला उन्हाळ्यात शिकवत. त्यांचा दंडक असा, की रेषेबाहेर इंच-दोन इंच पडलेला चेंडूही आत धरायचा आणि पंचाशी वाद घालायचा नाही. गोऱ्यांच्या स्पर्धेत मुलाला बाहेर काढायला निमित्त मिळू नये. रिचमंडमध्ये हिवाळ्यात अडचण होई. तिथली बंदिस्त कोर्ट अ‍ॅशला खुली नव्हती आणि गोऱ्या खेळाडूंशी सामनेही मिळत नसत. म्हणून शाळेचे शेवटचे वर्ष त्याने हडलिन यांच्या घरी राहून सम्नरमध्ये काढायचे ठरले.

सेंट लुइसमध्ये सराव चाले तो सैन्याच्या आर्मरीत, लाकडी जमिनीवर. मातीवर चेंडू उसळून थबकल्यासारखा वाटतो; लाकडावर तो खाली राहून सरसर घसरत येतो. रॅकेट लांबवर मागे नेऊन फटका मारायला वेळच उरत नाही. बेसलाइनवर उभे राहून चेंडू परतवत राहणाऱ्या अ‍ॅशला मागचा झोका आखूड करावा लागला आणि सर्व्हिस करून लगेच जाळीकडे धावावे लागले. पुढे तो ज्या सर्व्ह-अँड-व्हॉली खेळासाठी ओळखला गेला, त्याची घडण इथे झाली. शिवाय शहरात चक मॅकिन्ली, बुखहोल्झ बंधू असे कसलेले तरुण टेनिसपटू होते. यात हडलिन यांचा वाटा किती आणि त्या जमिनीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण मुलगा त्या जमिनीवर पोचला तो त्यांच्यामुळे. त्यांच्या घरची शिस्त कडक होती. घरापासून दूर पडलेल्या त्या मुलाला हे वर्ष सुखाचे गेले नाही.

1961 साली अ‍ॅशने सम्नरतर्फे राष्ट्रीय आंतरशालेय स्पर्धा जिंकली. ती भरली होती शार्लट्सव्हिलला, म्हणजे ज्या व्हर्जिनियातून तो बाहेर पडला होता तिथेच. त्याच वर्षी तो शिष्यवृत्तीवर लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत दाखल झाला आणि त्याचा सराव तिथले प्रशिक्षक जे. डी. मॉर्गन यांच्याकडे गेला. 1963 साली डेव्हिस कपच्या अमेरिकन संघात निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.