शनिवारची माणसं

झगे घालून घामाघूम झालेल्या स्नातकांनो, आणि मागच्या रांगांत मोबाईल उंचावून उभ्या असलेल्या आईबाबांनो,

मी इतिहासाचा मास्तर. दीक्षान्त समारंभात मास्तरानं उपदेश करावा अशी रीत आहे, पण मी तुम्हांला एका प्रश्नाची गोष्ट सांगणार आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वर्गात विसाव्या शतकातला युरोप शिकवत होतो. हिटलर, न्यूरेंबर्गचे कायदे, आउशवित्झ. फळ्यावर ज्यू बळींचा आकडा 'साठ लाख' लिहिला आणि खडू खाली ठेवला. शेवटच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, हे लोक त्याआधी काय करत होते?"

तास संपायला दहा मिनिटं होती. ती मी कशी काढली ते माझं मला माहीत. ज्यू माणसं मेली कशी हे मला सनावळीसकट पाठ होतं. ती जगली कशी, याचा पत्ता नव्हता.

अडचण अशी, की आपल्याला इतिहास राजांच्या खुंटीला टांगायची सवय. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि १९४८ साली इस्रायल उभं राहिलं. मधल्या जवळजवळ १९०० वर्षांत या विखुरलेल्या समाजाला धरून ठेवणारं एक सिंहासन नाही, एक राजधानी नाही. मग मी सोपी वाट धरली: आइनस्टाइन, फ्रॉइड, मार्क्स अशी थोरांची यादी. ती वाट चुकीची निघाली. असल्या यादीतून बुद्धिमत्तेचा दबदबा तेवढा कळतो, शेजारपाजार कळत नाही. ज्याची पत्रं हाती लागतात, ज्याचं कर्ज आणि दुखणं दिसतं, असा माणूस मला हवा होता.

पहिला भेटला तो मोशे बेन मैमोन, म्हणजे मायमोनिडीस. जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा, बाराव्या शतकातला. अल्मोहादांची कडवी सत्ता आली तेव्हा घर सुटलं. फेझ, पॅलेस्टाइन असं करत कुटुंब इजिप्तमध्ये फुस्तातला पोचलं. तो धर्मशास्त्राची पोथी लिहीत होता, आणि घर चालवत होता धाकटा भाऊ दावीद, व्यापार करून. हा दावीद तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरात आला आणि तिथून भावाला पत्र लिहिलं: वाळवंट पार केलं, आता हिंदुस्थानला जातो. पुढे त्याचं जहाज हिंदी महासागरात बुडालं. जहाजात घरचा पैसा होता आणि लोकांचाही. मागे राहिली विधवा आणि एक लहान मुलगी. मोशेनं वर्षभर अंथरूण धरलं. आठ वर्षांनंतरच्या पत्रातही तो म्हणतो, की भावाचं अक्षर समोर आलं की काळीज हलतं.

ते अक्षर आपल्यालाही पाहता येतं. देवाचं नाव असू शकेल असा कागद टाकायचा नाही, या रिवाजानं फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधली एक खोली शतकानुशतकं भरत गेली. तिला गेनिझा म्हणतात. १८९६-९७ मध्ये अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी तिथले सुमारे १,९०,००० तुकडे केंब्रिजला नेले. वाण्याच्या याद्या, घटस्फोटाची पत्रं, मुलांचे कित्ते, सगळं त्यात आलं. दावीदचं पत्रही गेनिझातलंच.

भाऊ गेल्यावर मोशे वैद्यकीवर पोट भरू लागला. ११९९ साली त्याच्या ग्रंथाचा अनुवादक भेटीला यायचं म्हणत होता. त्याला त्यानं दिनक्रम कळवला. सुलतान कैरोत, मी फुस्तातमध्ये. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, जेवढं चालायची मुभा असते त्याच्या दुप्पट अंतर. रोज सकाळी दरबार. दुपारी उपाशीपोटी परतावं तर ओसरी रोग्यांनी भरलेली, ज्यूही आणि इतरही. घासभर खाऊन पुन्हा तपासणी. रात्री थकून पाठ टेकलेली, तरी औषध सांगणं चालूच. प्रवासाचा धोका पत्करू नको असंही त्यानं लिहिलं, आणि ओसरीचं वर्णन वाचून कोण जाईल?

त्याच्या दुसऱ्या एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख आहे. त्यांना धर्माचं फारसं काही ठाऊक नाही. शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढंच. हे नेमके कोण, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या एका समाजाला गाव 'शनवार तेली' म्हणत असे. तेच बेने इस्राएल. अक्षीकर, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर; आडनावांतच गावं आहेत. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तोवर केहिमकर हयात नव्हते.

आता माझी सर्वांत लाडकी बाई, ग्लुकेल. सतराव्या शतकातल्या हॅम्बुर्गची. बाराव्या वर्षी वाङ्निश्चय, चौदाव्या वर्षी लग्न. नवरा हायम सोन्यामोत्यांचा व्यापारी, आणि कुठलाही करार बायकोला विचारल्याशिवाय न करणारा. १६८९ साली तो गेला. रात्री झोप येईना म्हणून तिनं यिडिश भाषेत लिहायला घेतलं, मुलांना आपलं कूळ कळावं म्हणून. चौदा मुलं झाली होती, त्यांतली बारा मोठी झाली. दिवसा ती जत्रांना जाऊन माल विकायची, मोज्यांचा कारखाना बघायची, हुंड्या वटवायची.

तिच्या वहीतलं एक पान मी दर वर्षी वर्गात सांगत आलो. १६६५-६६ साली तुर्की मुलखातून बातमी आली, की शब्बताई त्सवी नावाचा मसीहा अवतरला आहे, आता सगळे पवित्र भूमीकडे जायचे. लोकांनी घरंदारं विकली. ग्लुकेलच्या सासऱ्यानं दोन मोठी पिंपं हॅम्बुर्गला पाठवून दिली. आत वाटाणे, घेवडा, सुकं मांस, सुकी फळं आणि लिननचे कपडे. बोलावणं आलं की बोट गाठायची! सप्टेंबर १६६६ मध्ये सुलतानापुढे मसीहानं मुसलमान धर्म घेतला. पिंपं उभीच. अखेर म्हाताऱ्यानं कळवलं, खाण्याच्या वस्तू काढून घ्या, नाहीतर कपडे खराब होतील.

स्नातकांनो, शब्बताई त्सवीवर जाडजूड ग्रंथ आहेत. मी वाचले आहेत, पदवीच्या दिवशी खोटं बोलवत नाही, काही अर्धेच वाचले. पण फसलेल्या आशेचं वजन मला कळलं ते त्या पिंपांतल्या वाटाण्यांवरून. म्हाताऱ्यानं आशा सोडली असं ग्लुकेल म्हणत नाही. कपडे त्यानं आतच ठेवले.

तिचं मूळ हस्तलिखित हरवलं. मुलानं केलेल्या नकलेवरून वही १८९६ मध्ये छापली गेली.

आणि शेवटी वॉर्सा. इमॅन्युएल रिंगेलब्लम, इतिहासाचाच मास्तर. मध्ययुगातल्या वॉर्साच्या ज्यूंवर १९२७ साली डॉक्टरेट. नोव्हेंबर १९४० मध्ये ज्यूंना कोंडलेल्या वस्तीभोवतीची भिंत बंद झाली तेव्हा त्यानं साठेक माणसं जमवली. शनिवारी दुपारी भेटायची, म्हणून मंडळाचं गुप्त नाव 'ओयनेग शाबेस', शब्बाथचा आनंद. भिंतीआड उपासमारीनं माणसं मरत होती आणि हे लोक ट्रामची तिकिटं, गोळ्यांच्या चांद्या, रेशनकार्डं, शाळकरी निबंध, हद्दपारीच्या नोटिसा गोळा करत होते. राखेल आउअरबाख लापशीचं अन्नछत्र चालवायची, आणि रांगेतल्या माणसांविषयी लिहून ठेवायची.

ऑगस्ट १९४२ मध्ये हद्दपारीच्या गाड्या सुटत असताना एका शाळामास्तरानं दोन माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून दहा पत्र्याचे डबे शाळेच्या तळघरात पुरले. दोघं पोरं तुमच्याच वयाची, त्यांतला दावीद ग्राबेर एकोणीस वर्षांचा. त्यांनी आपापलं मृत्युपत्र लिहून डब्यांत घातलं. तिघांतलं कुणी वाचलं नाही. मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लम, त्याची बायको आणि मुलगा लपल्या जागी सापडले आणि मारले गेले. मंडळातले तिघंच उरले. आउअरबाख त्यांतली एक. ढिगारे उपसा म्हणून तिनं पिच्छा पुरवला. १९४६ मध्ये डबे निघाले, आत पाणी शिरलेलं. १९५० मध्ये दुधाच्या दोन बरण्या निघाल्या; त्यांतले कागद बऱ्यापैकी कोरडे होते.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला काही उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला मला अकरा-बारा वर्षं लागली, तोवर ती शिकून निघूनही गेली होती. ती कुठे असेल तर एवढंच सांगेन: मोती विकत होते, भावाची वाट पाहत होते, पोरांचे निबंध तपासत होते. आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होते.

रिंगेलब्लमच्या संग्रहाचा तिसरा भाग अजून सापडलेला नाही.

चला, नावं पुकारायची खोळंबली आहेत.