मत नाही, पण म्हणणं आहे

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात युवा गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज व्यासपीठावरून २५ वर्षांचा हिशेब मांडला गेला. टँकरची वर्षं, लिफ्टची दुरुस्ती, कन्व्हेयन्ससाठी मारलेल्या चकरा. हे सगळं तुम्ही निस्तरत होतात तेव्हा आम्ही खाली क्रिकेट खेळत होतो आणि तुमच्या काचा फोडत होतो. त्या सगळ्यासाठी आधी मनापासून आभार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यात मी दोनच विषय घेणार आहे, कचरा आणि झाडं. जेवणाच्या आधी कचऱ्याचं नाव काढलं म्हणून रागावू नका. मसालेभाताचा वास मलाही येतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या गटातल्या एकालाही सर्वसाधारण सभेत मत नाही. सहकार कायद्यात मत सभासदाला असतं आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव बाबांचं नाहीतर आईचं. त्याबद्दल तक्रार नाही, कायदा तसा आहे. पण इथे घेतलेल्या निर्णयांसोबत सगळ्यात जास्त वर्षं राहायचं कोणाला आहे, तर आम्हाला. म्हणून मत नसलं तरी म्हणणं आहे, आणि ते आज मांडते.

आपला कचऱ्याचा डबा सकाळी दारातून जातो आणि विषय संपला असं वाटतं. तो संपत नाही. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडतो आहे. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, तो कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि हा वायू पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत कचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. म्हणजे आपल्या कोबीच्या देठांचा आणि बिल्डरच्या परवानगीचा थेट संबंध आहे!

एप्रिल २०१६ मध्ये केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा ज्याच्या घरात तयार होतो त्यानेच वेगळा करायचा, असं त्यात होतं. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा, असंही त्या नियमांत होतं. पुढच्या वर्षी महापालिकेने २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त ओला कचरा करणाऱ्या संकुलांना हे काम सुरू करायला सांगितलं. आपली सोसायटी छोटी आहे, सक्तीत बसत नाही. पण सक्ती नाही म्हणून करायचं नाही, असं आपण गणपतीच्या वर्गणीबाबत कधी म्हटलेलं नाही.

‘तुम्ही मुलं काय करणार?’ हा प्रश्न मला जिन्यात तीनदा विचारला गेला आहे. त्याचं उत्तर याच शहरात आहे. २०१७ मध्ये दादरच्या चौपाटीवर मल्हार कळंबे नावाच्या कॉलेजच्या मुलाने मित्रांना घेऊन साफसफाई सुरू केली. त्यातून ‘बीच प्लीज’ हा गट उभा राहिला आणि पुढे मिठी नदीपर्यंत गेला. त्याआधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलाने किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत होते त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी. पुढे शेकडो माणसं जोडली गेली आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना लोकांनी पाहिली. आमच्या गटात सध्या ८४ वर्षांचं कोणी नाही. समोरच्या रांगेतल्या आजोबांनी विचार करावा.

आता झाडं. आपण गोरेगावचे, आरे आपल्या दारात. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. विरोध करायला गेलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ते पत्र याचिका म्हणून घेतलं गेलं, दसऱ्याच्या सुट्टीत खास खंडपीठ बसलं आणि ७ ऑक्टोबरला तोडीला स्थगिती मिळाली. तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती.

या विषयावर आपल्या सोसायटीत दोन मतं आहेत. आमच्या गटातही आहेत. आमच्यापैकी दोघं रोज आरे स्टेशनवरून त्याच मेट्रोने ऑफिसला जातात. तो वाद मी इथे उकरत नाही. मी त्यातून एवढंच घेते, की एका पत्रात ताकद असते, पण तोडलेलं झाड स्थगितीने परत उभं राहत नाही. बोलायचं असेल तर करवत येण्याच्या आधी बोलायला हवं.

म्हणून आज बोलते आहे. मागच्या गेटजवळची तीन झाडं काढून तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचे, सात गाड्यांची सोय करायची, असा विषय येत्या सभेपुढे आहे. पार्किंगची अडचण खरी आहे. रात्री अकराला येऊन गाडी कुठे लावायची या चिंतेत आमचे बाबाही असतात. पण झाड स्वतःच्या आवारात असलं तरी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. शिवाय त्या कोपऱ्यात पावसाचं पाणी मुरतं. तिथेही फरशी झाली तर ते पाणी उताराने कुठे जाईल? उतार बी विंगच्या मीटर रूमकडे आहे. गेले दोन महिने आम्ही रोज रात्री गाड्यांची पाहणी केली. रंगाचे पट्टे तिरके मारले आणि धूळ खात पडलेल्या चार दुचाक्या हलवल्या तर पाच गाड्या बसतात. नकाशा नोटीस बोर्डवर लावला आहे. उरलेल्या दोन गाड्यांचं उत्तर अजून सापडलेलं नाही. ते तुमच्या अनुभवातून सापडेल असं वाटतं.

कचऱ्याचाही प्रयोग करून पाहिला आहे. बी विंगच्या आठ घरांनी तीन महिने ओला कचरा वेगळा दिला. तो पंप हाऊसमागच्या दोन जाळीच्या पिंपांत टाकला, प्रत्येक थरावर वाळका पालापाचोळा. वास येईल ही भीती रास्त होती. पण वास येतो तो ओल जास्त आणि हवा कमी झाली की. पाला वाढवला, आठवड्यातून दोनदा ढवळलं की येत नाही. पालाही त्याच तीन झाडांचा, जो आपण पोत्यांत भरून बाहेर पाठवतो. तयार झालेलं खत आज मंडपाच्या दाराशी पिशव्यांत ठेवलं आहे. कुंडीसाठी घेऊन जा, फुकट आहे.

या तीन महिन्यांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते झाडूकाम करणाऱ्या मावशींचं बोलणं. त्या म्हणाल्या, ‘या आठ घरांच्या डब्यात मी डोळे मिटून हात घालते.’ बाकीच्या डब्यांत फुटलेली काच, ब्लेड, सुया, डायपर, काहीही असतं आणि ते हाताने वेगळं करावं लागतं. गेल्या वर्षी त्यांच्या तळहाताला टाके पडले होते. पर्यावरण हा शब्द मोठा वाटत असेल तर बाजूला ठेवू. त्यांच्या हातासाठी तरी कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून द्या.

आमच्या मागण्या तीन. एक, खताचा प्रयोग सहा महिने सगळ्या विंगसाठी करू द्यावा. ढवळण्याची पाळी आम्ही लावू. दोन, झाडांचा विषय या सभेत मंजूर न करता नकाशा पाहून पुढच्या सभेत घ्यावा. तीन, समितीच्या बैठकीला आमच्यातल्या एकाला बसू द्यावं. मत नको, फक्त खुर्ची द्या. खुर्ची आम्ही घरून आणू!

सभा रविवारी आहे. हात वर करण्याचा अधिकार तुमचा आहे. त्याआधी घरी जेवताना एकदा आपल्या मुलांना विचारा, तुला काय वाटतं? मग ठरवा.