पानातली डावी बाजू

पान वाढायला घेतलं की डाव्या हाताला आधी पडतं ते मीठ. पोटातही त्याला मान आहेच. जठरातलं आम्ल तयार होतं ते मिठातल्याच क्लोराइडपासून. पुढे लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी रुग्णांना पाजलं, ते या जोडीच्याच भरवशावर. मृत्यू झपाट्यानं घटले.

पण हेच मीठ अती झालं की जठराच्या अस्तराला इजा करतं. तिथे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असेल, तर त्याचं फावतं. जठराच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, जेमतेम एक चहाचा चमचा. तोही लोणचं, पापड, खारा बांगडा, वेफर्स सगळं धरून! आणि सैंधव? तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. उपवासाला चालतं, हिशेबातून मात्र सुटत नाही.