डोमकावळा किती वेळात पोचतो?



कल्पनारम्य कादंबरीवर मालिका निघाली की पहिली तक्रार ठरलेली असते: किती गाळलंय! मला ती तक्रार फारशी महत्त्वाची वाटत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पाच जाडजूड कादंबऱ्या पडद्यावर आणायच्या तर गाळावं लागणारच. रॉबर्ट जॉर्डन यांनी सुरू केलेली आणि त्यांच्या निधनानंतर ब्रँडन सँडरसन यांनी पुरी केलेली चौदा खंडांची 'द व्हील ऑफ टाइम' आणायची तरीही तेच. माझं दुखणं निराळं आहे. वाचकाची धाकधूक ज्यांवर उभी असते, त्याच गोष्टींवर पहिली कात्री चालते: रस्ता, वेळ आणि कोणाला काय ठाऊक आहे याचा हिशेब.

आधी जमलेलं उदाहरण घेऊ. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या तिसऱ्या पर्वातला नववा भाग, साल २०१३. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना 'रेड वेडिंग' एवढं म्हटलं तरी पुरे; इतरांसाठी सांगतो, लग्नाच्या मेजवानीत यजमानच पाहुण्यांची कत्तल करतो. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून येतं. हे लग्न आपण कॅटलिनच्या, म्हणजे राजा रॉबच्या आईच्या, मनात बसून पाहतो. वाजवणारे बेसूर आहेत, ढोल डोक्यात घुमतोय, काहीतरी खटकतंय. आता मनातलं हे खटकणं कॅमेऱ्याने कसं टिपायचं? मालिकेने आधी दालनाचं दार बंद होताना दाखवलं. मग सज्जातल्या वादकांनी शत्रूच्या घराण्याचं गाणं धरलं आणि कॅटलिनचा चेहरा उतरत गेला. शेजारी बसलेल्या, रॉबचाच सरदार असलेल्या रूझ बोल्टनची बाही तिने वर सारली, तर आत चिलखताच्या कड्या! कादंबरीत ही बाही एडविन फ्रे नावाच्या दुय्यम पात्राची आहे. बोल्टनला मात्र प्रेक्षक चांगला ओळखतो, म्हणून कड्या त्याच्या बाहीखाली गेल्या. बदल केला, पण धाकधूक शाबूत ठेवली. हे खरं रूपांतर.

त्या प्रसंगामागे एक कायदाही आहे. पाहुण्याने घरची भाकर आणि मीठ खाल्लं की त्या छपराखाली त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. रॉबच्या माणसांनी ती भाकर खाल्लेली आपण त्याच भागात पाहतो. खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना हा कायदा समजावून सांगायला नको. अद्भुत कथेत काहीही घडू शकतं असं एकदा मानलं, तर भीती वाटायचं कारणच उरत नाही. नियम आधी पक्का ठाऊक हवा. तो मोडला जातो तेव्हाच पोटात गोळा येतो.

आता 'द व्हील ऑफ टाइम'कडे येऊ. पहिलं पर्व २०२१ साली आलं. खेड्यातल्या तरुणांपैकी एक जण जगाचं भवितव्य ठरवणाऱ्या वीराचा पुनर्जन्म आहे, तो कोण? पहिल्या कादंबरीचा बराचसा भाग रँड या तरुणाच्या नजरेतून आहे, त्यामुळे वाचकाला उत्तराचा वास लवकर लागतो आणि पुढची काळजी त्याच्यासाठी वाटते. मालिकेने संशय सगळ्यांवर, अगदी मुलींवरही, वाटला आणि उत्तर आठपैकी सातव्या भागापर्यंत राखून ठेवलं. त्याची किंमत पाहा. जखमी बापाचं तापातलं बरळणं रँड ऐकतो, त्यातून आपल्या जन्माबद्दलची शंका त्याच्या मनात शिरते. केवढा जिव्हाळ्याचा प्रसंग! तो आपल्याला सातव्या भागात, मागे वळून दाखवलेल्या तुकड्यांत मिळतो. गुपित राखायचं म्हणून नायकाचं मनच आमच्यापासून राखून ठेवलं. सहा भाग ज्याच्या शेजारी उभं राहायचं, तो सहा भाग परका राहिला. कोडं सुटलं तेव्हा मला हायसंही वाटलं नाही आणि धक्काही बसला नाही.

रस्त्याचं तर त्याहून वाईट झालं, तेही आधी जमवलेल्या मालिकेतच. 'गेम ऑफ थ्रोन्स'ची शीर्षकदृश्यं आठवा: नकाशावर एकेक शहर यंत्रासारखं उभं राहतं. अंतर हे त्या कथेतलं एक पात्रच होतं. राजाचा लवाजमा राजधानीहून उत्तरेला यायला महिना लागला, हे पहिल्याच भागात कानावर येतं. पहिली सहा पर्वं दहा-दहा भागांची होती, म्हणून प्रवासाला जागा होती. मार्टिन यांची पाचवी कादंबरी २०११ साली आली, सहावी अजून यायची आहे. म्हणजे पुढे कादंबरीचा आधारही उरला नाही. सातवं पर्व सात भागांचं झालं, आठवं सहांचं. त्या सातव्या पर्वात काही वीर गोठलेल्या तळ्यात, चालत्या मृतांच्या सैन्याच्या वेढ्यात अडकतात. त्यांच्यातला गेंड्री पळत उत्तर सीमेवरच्या भिंतीपर्यंत जातो, तिथून डोमकावळा निरोप घेऊन दक्षिणेला ड्रॅगनस्टोनपर्यंत उडतो आणि राणी डेनेरिस ड्रॅगन घेऊन परत उत्तरेला येते. हे सगळं जणू एका रात्रीत! मदत वेळेवर पोचेल का, ही तर जगातली सगळ्यात जुनी उत्कंठा. नकाशाच विरघळला तर ती टिकणार कशी?

शेवटचा मुद्दा २०१९ च्या आठव्या पर्वातल्या तिसऱ्या भागाचा. मृतांच्या ज्या संकटाने 'गेम ऑफ थ्रोन्स'चं पहिलंच दृश्य उघडलं, त्याचा निकाल या एका रात्रीत लागतो. याच भागात कॅटलिनची मुलगी आर्या ग्रंथालयात मृतांच्या तावडीत सापडते. कपाटांच्या आडून वाकून चालताना तिच्या कपाळावरच्या जखमेतून रक्ताचा एक थेंब फरशीवर पडतो आणि तेवढ्या आवाजाने एक प्रेत मान वळवतं. ती कुठे आहे आणि ते काय शोधतंय, दोन्ही आपल्याला ठाऊक. म्हणून श्वास अडकतो. त्यानंतर मेलिसांड्रे या मांत्रिक स्त्रीशी चार शब्द होतात, आर्या धावत सुटते आणि पडद्यावरून नाहीशी होते. पुन्हा दिसते ती थेट मृतांच्या राजावर, नाइट किंगवर झेप घेताना. टाळ्या पडल्या, हे खरं. पण पाऊल न वाजवता चालायला ती पहिल्या पर्वापासून शिकत होती आणि आम्ही ते वर्षानुवर्षं पाहत होतो. मृतांच्या फळीतून ती त्याच्यापर्यंत कशी पोचली, ते चालणं मात्र आम्हाला दाखवलं नाही.